भेसळ

दिवसभर मी बिया मोजते.
जळगावच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमागच्या थंड खोलीत,
ओल्या कागदावर कपाशीच्या शंभर,
पुन्हा शंभर, असं चार वेळा,
मग गुंडाळी, रबर, तारीख.
चौथ्या दिवशी उलगडायची, आठव्या दिवशी पुन्हा.
रकाने ठरलेले: सामान्य. असामान्य. कठीण. मेलेली.
पंधरा वर्षांत एकाही बीनं
पाचवा रकाना मागितलेला नाही.

गुलबक्षीच्या बिया फैजपूरच्या कोकिळामावशीनं दिल्या,
एसटीच्या तिकिटात बांधून.
काळ्या, मिऱ्यासारख्या सुरकुतलेल्या.
म्हणाली, "पिवळी हाये. निखळ पिवळी."
मी कुंडीत लावल्या, कॅलेंडरमागे लिहिलं: पिवळी, सात.
आल्या पाच. म्हणजे एकाहत्तर टक्के.
कामावर असत्या तर लॉट परत गेला असता.

श्रावणातल्या एका दिवेलागणीला
हाताला भाकरीचं पीठ तसंच घेऊन दारात आले,
तर एकाच झाडावर, एकाच फांदीवर
एक फूल पिवळं,
एक राणी रंगाचं,
एक शिंतोडे उडालेलं,
धुळवडीच्या दिवशी ड्यूटीवर निघालेल्या पोस्टमनच्या सदऱ्यासारखं,
आणि एक उभं दुभागलेलं:
इकडे पिवळं, तिकडे राणी,
शिवण कुठं दिसेना.

हात आपोआप बुडाशी गेला.
बीजोत्पादनाच्या प्लॉटवर आम्हांला हेच शिकवलंय,
ओळीत वेगळं दिसलं की उपटायचं,
फुलायच्या आधी, मुळासकट,
आणि बांधावर नाही टाकायचं, लांब न्यायचं.
शब्दच आहे त्याला. भेसळ.
बोटं देठाला लागली.
गुलबक्षीचा देठ सांध्याशी फुगीर असतो,
लहान पोराच्या गुडघ्यासारखा.
पीठ लागलं त्याला.
मग ते पुसत बसले पदरानं,
आणि उपटायचं राहून गेलं.

मावशीला फोन केला, जरा रागातच.
ती केळीच्या गाडीवाल्याशी भांडत होती, घड मोजण्यावरून.
मधेच म्हणाली, "माह्या दारात पिवळीच व्हती.
आता रातचे पाखरं काय मले इचारून येता?"
आणि पुन्हा घडांकडे वळली,
फोन न ठेवता.
बराच वेळ मी ते भांडण ऐकत राहिले.

गोकर्णाचं सांगायचंच राहिलं.
निळी म्हणून आणल्या होत्या, नऊ बिया,
गल्लीतल्या हुसेनभाई टेलरच्या कुंपणावरून.
दोन महिने पाणी घातलं, एक हलली नाही.
मेलेली, म्हटलं.
कुंडी उपडी केली कूलरखाली,
जिथं सेहेचाळीस अंशांच्या मे महिन्यातही
नळी गळते आणि फरशीच्या फटीत
बोटभर शेवाळ तग धरून असतं.
वर्ष गेलं.
आता तिथून वेल निघालाय,
खिडकीचे गज धरून वर चढलाय,
आणि त्याचं पहिलं फूल पांढरं.
हुसेनभाई चष्मा कपाळावर सारून बघून गेले.
"हमारे यहाँ तो नहीं था," एवढंच म्हणाले,
कुणी त्यांच्यावर आळ घेतल्यासारखं.

कठीण होत्या त्या. मेलेल्या नव्हत्या.
हा फरक मी दरवर्षी नव्या मुलींना शिकवते.
टाचणीनं टोचून दाखवते.

काल आठव्या दिवसाची गुंडाळी उलगडली.
असामान्य अकरा.
अकराच लिहिल्या. पगार त्याचा आहे.

घरी येऊन तिकिटाचा चौकोन फाडला.
गुलबक्षी एका फुलाला एकच बी देते.
त्या दुभागलेल्या फुलाची ती एक, काळी,
बाकीच्यांसारखीच सुरकुतलेली,
बाहेरून काहीच न सांगणारी,
मावशीला पाठवायला बांधली.
वर लिहिलं: पिवळी.
खोडलं.
मग तसंच खोडलेलं राहू दिलं.